छोट्या बोटीवर राहायला जाताना : वादळ, उष्मा, थंडी आणि बदलती हवा

नऊ-दहा मीटरच्या बोटीवर संसार थाटायचा, तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते. इथे हवामान ही खिडकीबाहेरची गोष्ट राहत नाही. वारा वाढला की घर हलतं, पाणी चढलं की घर चढतं, थंडी पडली की उशीशेजारच्या भिंतीवरून ओघळ येतात. म्हणून कोणी बोटीवर राहणं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. पण बोट मजबूत आणि माणूस खमका असला की वादळ निभावतं, ही नव्या मंडळींची समजूत मात्र काढून टाकायला हवी. बोट वाचणार की जाणार हे बहुतेक वेळा वादळ पोचण्याच्या दोन-तीन दिवस आधीच ठरलेलं असतं. बोट कुठे उभी आहे, दोर कसे बांधलेत आणि निघायचं कधी हे शांत डोक्याने आधी ठरवलंय का, यावर ते ठरतं.

दुसरी गोष्ट अलीकडची. बोटीवरचं आयुष्य आजवर ऋतूंच्या तारखांवर बेतलेलं असे. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर मानतात, पण मोठी वादळं ऑगस्टनंतरची, असा सर्वांचा हिशेब. 2024 साली बेरिल हे वादळ 1 जुलैला कॅरिबियनमधल्या कॅरिआकू बेटावर आदळलं आणि दुसऱ्या दिवशी सर्वोच्च, म्हणजे पाचव्या श्रेणीला पोचलं. अटलांटिकमध्ये इतक्या लवकर त्या श्रेणीचं वादळ त्याआधी नोंदलेलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर 2023 मध्ये, ओटिस हे वादळ एका दिवसात साध्या वादळाचं पाचव्या श्रेणीचं होऊन मेक्सिकोच्या अकापुल्कोवर आलं. बोटी सांभाळायला बोटींवरच थांबलेल्यांपैकी अनेकांचे जीव गेले.

चक्रीवादळाला साधारण 26.5 अंश सेल्सिअसपेक्षा गरम समुद्र लागतो, आणि हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे वादळाला खाद्य जास्त मिळतं आणि पाऊसही जास्त पडतो. तारीख पाहून निर्धास्त राहता येत नाही, हे धरूनच पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : बोटीआधी जागा पाहा

लोक बोट महिनोन्‌महिने शोधतात आणि ती ठेवायची जागा एका दुपारी ठरवतात. उलट करा. जागेवर ओहोटीला जा, उधाणाच्या भरतीला जा आणि वारा सुटलेला असताना जा. मोकळ्या पाण्याचा पट्टा कोणत्या दिशेला लांबवर पसरलाय ते पाहा, कारण त्या दिशेने वारा आला की लाटा तिथूनच वाढत येणार.

तरंगता धक्का असेल तर तो ज्या खांबांना धरून वर-खाली होतो त्या खांबांची उंची पाहा. हे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते मरिना, म्हणजे बोटी बांधून ठेवायचा तळ, निवडताना विचारायचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. वादळात पाणी फुगतं. हवेचा दाब एक हेक्टापास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, आणि त्याच्या कितीतरी पट पाणी वारा किनाऱ्याकडे ढकलत आणतो. 2005 साली कॅटरिना वादळात मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी साडेआठ मीटरच्या आसपास चढलं होतं. खांब बुटके असतील तर अख्खा धक्का त्यांच्या डोक्यावरून निसटतो आणि सगळ्या बोटींसकट वाहू लागतो. समुद्राची पातळीही वाढतेच आहे. 1901 ते 2018 या काळात ती जगभर सरासरी 20 सेंटिमीटरने वाढली. चाळीस वर्षांपूर्वी पुरेसे वाटलेले खांब आज पुरतीलच असं नाही.

त्याच दिवशी विम्याचं विचारा. अनेक कंपन्या वादळाच्या हंगामात बोट ठरावीक पट्ट्याबाहेर ठेवायला सांगतात, वादळाची लेखी योजना मागतात, आणि नाव दिलेल्या वादळात झालेल्या नुकसानीचा मोठा वाटा तुमच्यावर टाकतात. हे कागद सही करण्याआधी वाचायचे.

दुसरी पायरी : हवा स्वतः वाचायला शिका

फोनवरचा अंदाज उपयोगाचा आहेच, पण नेमका वादळात सिग्नल जातो. एक साधा बॅरोमीटर घ्या आणि रोज ठरलेल्या वेळी दाब वहीत लिहा. समुद्रसपाटीचा सरासरी दाब 1013 हेक्टापास्कल. पण आकड्यापेक्षा तो किती झपाट्याने बदलतोय हे महत्त्वाचं. तीन तासांत तीनने उतरला तर सावध व्हा, सहाने उतरला तर हातातलं काम टाका.

उष्ण कटिबंधात एक गोम आहे. तिथे दाब रोज दोनदा आपोआप चढतो-उतरतो, सकाळ-रात्री दहाच्या सुमारास जास्त आणि चारच्या सुमारास कमी. म्हणून कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडून पाहायचं. त्या वेळच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन हेक्टापास्कल कमी दिसला तर जवळपास चक्रीवादळ असल्याचा संशय घ्या. पाच कमी असेल तर संशयाला फारशी जागा उरत नाही.

वादळ कुठे आहे हे यंत्राविनाही कळतं. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, केंद्र तुमच्या उजव्या हाताला, जरा मागे असतं. दक्षिण गोलार्धात ते डाव्या हाताला. वादळ ज्या दिशेने सरकतंय त्या वाटेची उजवी बाजू उत्तर गोलार्धात जास्त घातक, कारण वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळतो. दक्षिणेत हेच डाव्या बाजूला.

आणखी एक हिशेब पाठच करा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 20 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे 1.85 किलोमीटर) वारा 40 झाला तर बोटीवरचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, आणि 60 नॉटला नऊपट. 30 नॉटमध्ये नांगर व्यवस्थित धरून होता, हा 60 नॉटसाठी पुरावा नव्हे.

अंदाज दोन वेगळ्या संगणकी प्रारूपांचे पाहा. युरोपीय आणि अमेरिकी प्रारूपं एकच सांगत असतील तर भरवसा जास्त, फारकत असेल तर वाईट बाजू धरून चाला. पण दिवसातून दोनदाच, ठरल्या वेळी. दर दहा मिनिटांनी नकाशा उघडणारा माणूस वादळ येईपर्यंत थकून गेलेला असतो. ऐनवेळी दोर बांधायला ताकद उरायला हवी.

तिसरी पायरी : कधी काय करायचं ते आधीच लिहून ठेवा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. वादळ दूर असताना माणूस म्हणतो, बघू. जवळ आल्यावर म्हणतो, आता उशीर झाला. या दोन वाक्यांच्या मधला वेळ पकडायचा तर निर्णय शांत दिवशी कागदावर उतरलेला हवा. कागद केबिनमध्ये डोळ्यांसमोर चिकटवा आणि बोटीवरच्या प्रत्येकाला तो समजावून द्या. माझी मांडणी अशी :

पाच दिवस आधी, नकाशावरचा वादळाच्या संभाव्य वाटेचा पट्टा तुमच्या जागेला नुसता स्पर्श करू लागला की पाण्याच्या टाक्या आणि डिझेल भरा, बॅटऱ्या चार्ज करा, औषधं पाहा, कागदपत्रं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भरा. बोट पाण्याबाहेर काढायची तर क्रेनवाल्याला याच दिवशी फोन करा, दोन दिवसांनी तिथे रांग असते.

तीन दिवस आधी निर्णय घ्या : बोट हलवायची, बाहेर काढायची की आहे तिथे बांधायची. हलवायची असेल तर लगेच. वारा सुरू झाल्यावर अनोळखी खाडीत शिरणं थांबण्यापेक्षा धोक्याचं. खारफुटीतल्या खाड्या जुन्या काळापासून आसरा मानल्या जातात आणि लाटांपासून त्या खरंच वाचवतात. मात्र कॅरिआकूच्या टिरेल बेमधल्या खारफुटीत बांधलेल्या बोटींचीही बेरिलने दैना केली. जागा चांगली असून भागत नाही. शंभर बोटी तिथेच आल्या तर एकीचा दोर तुटतो आणि ती पुढच्या दहांवर जाऊन पडते.

दोन दिवस आधी बोट उघडी करा. वारा धरणारं जे जे आहे ते खाली : शिडं, कॉकपिटवरचं (सुकाणूजवळच्या बसायच्या खोलगट जागेवरचं) छत, सोलर पॅनल, सायकली, जेरीकॅन. गुंडाळलेलं पुढचं शीड नुसतं घट्ट बांधून चालत नाही, ते उतरवूनच ठेवा. एक कोपरा सुटला की ते पूर्ण उलगडतं आणि मग कोणताही दोर त्या बोटीला धरू शकत नाही.

एक दिवस आधी माणसांनी उतरायचं. इथे मी कोणतीही सूट द्यायला तयार नाही. चक्रीवादळाच्या वाऱ्यात बोटीवर थांबून करण्यासारखं जवळजवळ काही नसतं. डेकवर उभं राहता येत नाही, शेजारची बोट अंगावर आली तर हाताने थोपवता येत नाही. प्राणीही सोबत न्या. जमिनीवरचा पक्का निवारा आणि तिथे जायचा रस्ता आधी चालून पाहिलेला असावा.

ओटिसनंतर मी या यादीला एक ओळ जोडायला सांगतो. गरम पाण्यावरचं वादळ अंदाजापेक्षा दोन श्रेणींनी मोठं होईल असं धरूनच तयारी करा. ते तसं झालं नाही तर फक्त शिडं पुन्हा चढवायचे कष्ट वाया जातात.

चौथी पायरी : नांगर आणि दोर

नांगराची ताकद त्याच्या वजनापेक्षा साखळी किती सोडली यावर जास्त अवलंबून असते. लांबी मोजताना नुसती खोली धरू नका. खोली 5 मीटर, भरतीला चढणारं पाणी 2 मीटर आणि पाण्यापासून नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची 1 मीटर, म्हणजे एकूण 8. नेहमीच्या हवेत साखळी याच्या पाचपट, म्हणजे 40 मीटर. वादळात आठ-दहापट, म्हणजे 64 ते 80 मीटर. इतकी सोडल्यावर बोट केवढं वर्तुळ घेईल ते पाहा, आणि त्या वर्तुळात दुसरं कोणी नको. नांगर टाकल्यावर इंजिन उलटं चालवून हळूहळू जोर वाढवा आणि तो रुतल्याची खात्री करा. वाऱ्यात साखळी ताठ होऊन झटके देते, म्हणून तिला नायलॉनचा लांब दोर अडकवून ताण त्या दोरावर घ्या. नायलॉन ताणलं जातं आणि झटका गिळतं.

पण हाच गुण दोराचा घात करतो. ताणला-सैल झाला, ताणला-सैल झाला, असं तासन्‌तास चाललं की दोर आतून तापतो, आणि कडेवर घासतो तिथे कापला जातो. वादळात दोर ताकद कमी पडून तुटतो त्यापेक्षा घासून जास्त तुटतो. जिथे जिथे तो धातूवरून वळतो तिथे जाड कापडी आवरण चढवा, जुन्या अग्निशमन पाइपचे तुकडे उत्तम. आवरणातून पाणी आत जायला हवं, म्हणजे दोर थंड राहतो.

धक्क्याला बांधताना दोर दुप्पट करा आणि प्रत्येक दोर वेगळ्या क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला, घ्या. एक उपटली तर दुसरी राहते. दोर लांब ठेवा. आखूड दोर आज टापटीप दिसतो, पण पाणी दोन मीटर चढलं की तोच बोटीला खाली खेचून धरतो.

पाचवी पायरी : पाणी आत येण्याच्या वाटा

बोटीच्या बुडाला जेवढी भोकं आहेत त्यांचा नकाशा काढा : इंजिनचं थंड पाणी, सिंक, संडास, वेगमापक. प्रत्येक सी-कॉक (त्या भोकावरचा तोटीसारखा खटका) महिन्यातून एकदा उघडून-मिटून पाहा आणि त्याच्या मापाची लाकडी गुडदी (बूच) तिथेच दोरीने बांधून ठेवा. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर 5 सेंटिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला शेकडो लिटर पाणी आत येतं. तळात साचलेलं पाणी उपसणारा छोटा बिल्ज पंप त्यापुढे टिकत नाही, शिवाय बॅटरी संपली की तो थांबतोच. पंप पावसाच्या आणि गळतीच्या पाण्यासाठी आहे हे ओळखून असा.

डेकवरच्या झडपांच्या, म्हणजे छतातल्या उघडझाप करायच्या झाकणांच्या, रबरी पट्ट्या तपासायला खडू वापरा. कडेला खडू घासून झडप बंद करा, मग उघडा. पट्टीवर जिथे खडू उमटला नाही तिथून पाणी येणार. पाऊस अलीकडे कमी वेळात जास्त कोसळतो, त्यामुळे कॉकपिटची पाणी जायची भोकं पानं-केसांनी बुजलेली असतील तर कॉकपिटचा हौद होतो.

सहावी पायरी : उष्मा आणि थंडी

वादळ वर्षातून एखादं येतं, उन्हाळा रोज असतो. बंद केबिन उन्हात बाहेरच्या हवेपेक्षा बरीच तापते. ऊन डेकवर पडूच न देणं हा खरा उपाय, म्हणून पूर्ण डेक झाकेल असं फिकं छत ताणा आणि पुढच्या झडपेवर वारा आत वळवणारं कापड लावा. हवा शरीराइतकी तापल्यावर नुसत्या पंख्याने अंग निवत नाही, अंग ओलं करून मग पंखा लावा. कोणी बरळू लागलं, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं लागलं तर तो उष्माघात समजा. ताबडतोब पाणी ओतून अंग थंड करत राहा आणि मदत बोलवा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला किमान चार लिटर धरा, स्वयंपाकाचं वेगळं.

थंडीत बोटीवरची सगळ्यात मोठी भीती गारठ्याची नव्हे, कार्बन मोनॉक्साइडची. ना रंग, ना वास. हीटर, गॅसची शेगडी, जनरेटर, कधी शेजारच्या बोटीचा धूरसुद्धा पुरतो. डोकं दुखणं, मळमळणं, सुस्ती, सर्दी-तापासारखंच वाटतं. झोपायच्या जागेजवळ अलार्म लावल्याशिवाय पहिली रात्र काढू नका. निखाऱ्यांची शेगडी केबिनमध्ये कधीच नको, विझल्यासारखी दिसली तरी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, म्हणून त्याचा वेगळा अलार्म खाली बसवा.

दमट हवेसाठी खिडक्या थंडीतही थोड्या उघड्या ठेवाव्या लागतात. हे नव्यांना पटत नाही, पण कोंडलेल्या उबेत भिंती गळतात आणि गादीला बुरशी धरते. गादीखाली फळ्यांची जाळी घाला. लिथियम बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करू नका, त्या कायमच्या बिघडतात.

गार पाण्यात पडलात तर पहिलं मिनिटभर श्वास आवरत नाही. त्या वेळी पोहायचा खटाटोप न करता तोंड पाण्यावर ठेवा. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हात-पाय कामाचे असतात. म्हणून पाण्यातून हात पोचेल अशी शिडी बोटीला कायम हवी, आणि बर्फाळ धक्क्यावर रात्री एकटं चालताना अंगात लाइफजॅकेट.

सातवी पायरी : वीज, पूर आणि आटलेलं पाणी

गडगडाट जवळ आला की आत जा, डोलकाठी आणि तिच्या तारांपासून लांब राहा. हातातला रेडिओ, फोन आणि जीपीएस ओव्हनमध्ये ठेवा, धातूची पेटी त्यांना वाचवू शकते. वीज पडल्याचा संशय आला तर आधी बुडाची भोकं पाहा. वीज तिथून बाहेर पडताना फिटिंग उडवते.

नदी-कालव्यावर राहणाऱ्यांसाठी पुराचा नियम सोपा आहे : हलू नका, दोर सैल करत राहा, वाहून येणाऱ्या ओंडक्यांवर नजर ठेवा. खरा धोका पूर उतरताना. रात्रीत पाणी ओसरलं तर बोट काठावर टेकते आणि कलंडते, म्हणून काठीने तिला प्रवाहाकडे रेटून ठेवावं लागतं. दुष्काळही आता गणतीत धरायला हवा. 2018 आणि 2022 साली ऱ्हाइन नदी इतकी आटली की मालवाहू बोटींना पूर्ण भार घेता येईना. तुमच्या बोटीखाली किती पाणी उरतं ते उन्हाळ्याच्या शेवटी मोजून ठेवा.

आठवी पायरी : आपला स्वतःचा वाटा

बोटीवर राहिलं की आपोआप निसर्गाला हलकं होतं, असं मी म्हणणार नाही. एक लिटर डिझेल जाळलं की जवळपास 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, मग ते इंजिनात जाळा की हीटरमध्ये. वर्षभराचं डिझेल वहीत लिहा, वर्षाकाठी केलेले विमानप्रवासही लिहा. मग कुठे कापायचं ते दिसतं. सोलर पॅनल, एलईडी दिवे, केबिनला आतून उष्णतारोधक थर, यांनी बोटीवर लवकर फरक पडतो, कारण जागाच लहान असते.

नांगर टाकताना तळ पाहा. भूमध्य समुद्रात पोसिडोनिया नावाचं सागरी गवत आहे. ते वर्षाला काही सेंटिमीटरच पसरतं आणि मुळांखाली शतकानुशतकांचा कार्बन धरून ठेवतं. एक साखळी एका रात्रीत त्यातला पट्टा खरवडून काढते, आणि काही ठिकाणी म्हणूनच त्यावर नांगर टाकायला बंदी आहे. पाणी स्वच्छ असेल तर वाळूचा फिकट पट्टा शोधा. तिथे नांगरही चांगला रुततो.

नववी पायरी : वादळानंतर

परवानगी मिळाल्याशिवाय धक्क्यावर जाऊ नका. पाण्यात विजेच्या तारा पडलेल्या असतात आणि मरिनाच्या पाण्यात विजेचा झटका दिसत नाही. किनाऱ्याची वीज पूर्ण बंद आहे ना, ते विचारून खात्री करा. बोटीत शिरताना आधी झडपा उघडून हवा खेळू द्या, गॅसचा वास घ्या, मगच बॅटरीचा खटका. काहीही हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, तुटलेल्या दोरांची टोकंसुद्धा, विमा कंपनी ती मागते. इंजिनात खारं पाणी गेलं असेल तर दिवस मोजू नका, त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन तेल बदला, नाहीतर गंज आठवडाभरात इंजिन खातो. मग उरलेले दोर एकेक हातातून सरकवून तपासा, घासलेला भाग कापून टाका, आणि पुढचा दाब वहीत लिहायला लागा. हंगामात दुसरं वादळ कधीकधी आठवड्याभरातच मागोमाग येतं.